स्ट्रिपिंगच्या वेळी आयजीचा ऑक्सिजन ५ च्या वर जातो, हवा नेमकी कुठून शिरते?

नवखा_थर्डमेट

नमस्कार मंडळी. क्रूड टँकर आहे, साधारण १,२०,००० घनमीटर मालाचा. इनर्ट गॅस (आयजी, टँकमध्ये स्फोट होऊ नये म्हणून भरतात तो कमी ऑक्सिजनचा गॅस) बॉयलरच्या धुरातून येतो. बॉयलर दोन, कार्गो पंप स्टीम टर्बाइनवर. तासाला ६,००० घनमीटरने डिस्चार्ज (माल उतरवणं) चालू असतो तेव्हा आयजी मेनवरचा (मुख्य पाइपातला) ऑक्सिजन ३.५ ते ४ टक्के राहतो. स्ट्रिपिंग (तळाचं उरलेलं तेल काढणं) आणि क्रूड वॉशिंग (क्रूडच्याच झोताने टँक धुणं) सुरू होऊन पंप हळू झाले की तोच आकडा ६ ते ६.५ वर जातो. अलार्म वाजतो, गॅस आपोआप बाहेर सोडला जातो आणि डेक मेनचा दाब ६०० मिलिमीटरवरून (पाण्याच्या उंचीत) उतरायला लागतो.

विचारायचं असं:

१. ही हवा कुठून शिरते? शोधायचं कसं?
२. टँकमध्ये मोजलं तर ऑक्सिजन ५ च्या आसपासच आहे, मर्यादा तर ८ ची आहे. मग आयजी थोडा वेळ बंद राहिला तर पंप चालू ठेवायला काय हरकत आहे?
३. त्याच टँकमध्ये एक्सप्लोझिमीटर (पेटणारी वाफ मोजणारा मीटर) सोडला तर शून्य दाखवतो. क्रूडच्या टँकमध्ये शून्य कसं?

डेक सील आणि पीव्ही (प्रेशर-व्हॅक्यूम) ब्रेकरचं रोज काय बघायचं तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

बॉयलरवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी ऑक्सिजन मोजणाऱ्या अॅनालायझरवर विश्वास ठेवता येतो का ते बघा. नायट्रोजन देऊन शून्य आणि ताजी हवा देऊन २०.९ लावा. सॅम्पल लाइनचा फिल्टर ओला आहे का, सॅम्पल पंपाच्या अलीकडचा एखादा जोड ढिला आहे का, हेही तपासा. तो जोड हवा ओढत असेल तर मेनमध्ये गॅस चांगला असूनही आकडा फुगलेला दिसतो. हातातल्या मीटरने त्याच जागी दुसरं रीडिंग घ्या. दोन्ही जुळले तरच पुढे जा, नाहीतर दिवसभर नसलेली गळती शोधत बसाल.

आता खरी गोष्ट. तुमचा आकडा फक्त पंप हळू झाल्यावर चढतो, म्हणजे गळतीच्या आधी बॉयलरच्या लोडवर संशय घ्यायला हवा. कमी लोडवर बर्नरला लागते त्यापेक्षा जास्त हवा दिली जाते, त्यामुळे धुरातच ऑक्सिजन वाढतो. पण त्याहून मोठं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ब्लोअर (धूर ओढून टँककडे ढकलणारा पंखा) ओढतो तेवढा धूर बॉयलर तयारच करत नाही, मग कमी पडलेली भरपाई चिमणीच्या तोंडातून खाली येणाऱ्या हवेने होते.

हिशेब करून बघा. तासाला १ टन इंधन जळलं की थंड झाल्यावर ढोबळमानाने ११,००० ते १२,००० घनमीटर धूर मिळतो. तुमचा ब्लोअर ७,५०० घनमीटर ओढतो असं धरा, कारण आयजीची क्षमता कमाल डिस्चार्ज वेगाच्या १२५ टक्के असावी लागते. स्ट्रिपिंगला बॉयलर जेमतेम ६,५०० घनमीटर धूर देत असेल तर उरलेले १,००० घनमीटर निव्वळ हवा. ६,५०० ला ४ टक्के आणि १,००० ला २१ टक्के अशी सरासरी काढलीत तर ६.३ येतात. तुम्ही सांगितलेला आकडा जवळजवळ हाच आहे.

यावर उपाय म्हणजे एकाच बॉयलरवर या, दुसऱ्याचा अपटेक (धुराच्या वाटेवरचा) व्हॉल्व्ह बंद करा आणि चालू बॉयलरचा लोड मुद्दाम वर ठेवा. जास्तीची स्टीम डंप व्हॉल्व्हमधून कंडेन्सरकडे सोडा. इंधन जास्त जातं म्हणून कुरकुर होईल, पण स्ट्रिपिंगच्या त्या काही तासांत हेच इंधन तुमचा आयजी चांगला ठेवतं. ब्लोअर एकच ठेवा आणि त्याचा सक्शन गरजेपुरताच उघडा. बॉयलरची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपांचं (एअर रजिस्टर आणि डॅम्पर) लिंकेज घासलेलं असेल तर कमी लोडवर हवा आणखी वाढते, तेही हलवून बघा.

एवढं करूनही आकडा उतरला नाही तर गळती शोधा. त्यात एक नियम पक्का ध्यानात ठेवा: ब्लोअरच्या अलीकडे सगळं ओढीखाली असतं, पलीकडे सगळं दाबाखाली. पलीकडचं भोक गॅस बाहेर टाकतं, हवा आत घेत नाही. म्हणून अपटेकपासून ब्लोअरच्या सक्शनपर्यंतच शोधायचं. हातातला मीटर घेऊन अपटेकला, मग स्क्रबरनंतर (धूर पाण्याने धुऊन थंड करणारी टाकी), मग ब्लोअरनंतर मोजत जा. अपटेकला ४ आणि स्क्रबरनंतर ६ आलं तर चोर त्या दोघांच्या मध्ये आहे.

नेहमी सापडणाऱ्या जागा सांगतो. पहिली, बंद बॉयलरचा अपटेक व्हॉल्व्ह. सीटवर काजळी बसते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तो बॉयलर पर्ज केला (हवेने आतून साफ केला) की त्याच्या पंख्याची हवा सरळ स्क्रबरमध्ये येते. दुसरी, अपटेक व्हॉल्व्हची सील एअर. व्हॉल्व्ह बंद असताना ही हवा हवीच, पण व्हॉल्व्ह उघडल्यावर तिचा पुरवठा पूर्ण बंद झाला पाहिजे, तो झिरपत राहतो. मग एक्स्पान्शन बेलोजला गेलेली चीर, ब्लोअरच्या शाफ्टचं ग्लँड, आणि गॅस-फ्री करताना (टँकमधला गॅस काढून हवा भरताना) ताजी हवा घेण्यासाठी असलेल्या पाइपावरचा ब्लँक (बंद झाकण). त्या ब्लँकचे बोल्ट दोनच लावलेले किंवा गॅस्केट जुनं वापरलेलं असतं, म्हणून मी तिथे सगळ्यात आधी हात लावायला सांगेन.

आणखी एक. आयजी चालू असताना बॉयलरचं सूट ब्लोइंग (काजळी झाडणं) करू नका. काजळी स्क्रबर तुंबवते, ब्लोअरच्या इम्पेलरवर बसते, मग कंपनं येतात. बंदरात शिरायच्या आधीच ते उरकून घ्या. स्क्रबरनंतर गॅसचं तापमान समुद्राच्या पाण्यापेक्षा फार तर ५ अंशांनी जास्त असावं. फरक वाढत चालला तर नोझल तुंबलेत किंवा पाणी कमी पडतंय असं समजा. स्क्रबरचं पाणी कमी झालं, आतली पातळी चढली किंवा गॅस तापला, तर ब्लोअर ट्रिप व्हायलाच हवा. हे तिन्ही ट्रिप बंदरात येण्याआधी तपासून नोंद करा.

तांडेल

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्रूडची वाफ हवेत ढोबळ १ ते १० टक्के असली की पेटू शकते. ऑक्सिजन कमी करत गेलं की ही पट्टी अरुंद होते आणि ११ टक्क्यांच्या आसपास नाहीशी होते. त्याखाली वाफ कितीही असो, मिश्रण पेटत नाही. ११ पासून अंतर राखायचं म्हणून टँकसाठी ८ ठरवले. मेनसाठी ५ ठरवले, कारण टँकच्या कोपऱ्यात, फ्रेमच्या मागे, पॅसेजमध्ये गॅस सगळीकडे सारखा मिसळत नाही. म्हणून तुमचा ५ हा त्या एका ठिकाणचा, त्या एका वेळचा आकडा आहे.

आता पंप चालू आणि आयजी बंद. पंप जेवढं तेल काढतो तेवढी जागा काहीतरी भरणारच. गॅस येत नसेल तर आधी दाब उतरतो, मग पोकळी तयार होते, मग पीव्ही व्हॉल्व्ह (दाब किंवा पोकळी वाढली की उघडणारा) उघडून बाहेरची हवा आत घेतो. वेळ किती मिळतो याचा हिशेब स्वतः करून ठेवा. ६०० मिलिमीटर पाण्याचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण ५.८ टक्के. डिस्चार्ज नुकतंच सुरू झालंय, टँकमध्ये २,४०० घनमीटर मोकळी जागा आहे, तर दाब शून्यावर यायला फक्त १४० घनमीटर काढावे लागतात. मिनिटाला १०० घनमीटर वेगाने ते दीड मिनिटात संपतात. जहाज अर्धं रिकामं, मोकळी जागा ६०,००० घनमीटर असेल, तर त्याच कामाला सुमारे ३५ मिनिटं लागतात. म्हणून आयजीचा बिघाड सुरुवातीला झाला तर विचार करायला वेळच नसतो. शेवटी झाला तर वेळ भरपूर वाटतो, आणि "चालू द्या, इतक्यात दुरुस्त होईल" असं म्हटलं जातं ते याच टप्प्यावर.

क्रूडच्या बाबतीत "चालू द्या" का म्हणायचं नाही, याचं कारण टँकच्या भिंतीवर आहे. क्रूडमधला हायड्रोजन सल्फाइड आणि पोलादावरचा गंज यांची, ऑक्सिजन कमी असताना, गाठ पडली की आयर्न सल्फाइड तयार होतं. आयजीखाली ते शांत राहतं. एकदम हवा लागली की ते तापून लाल होऊ शकतं. म्हणजे बाहेरची ठिणगी लागतच नाही, टँक स्वतःच ठिणगी सांभाळून बसलेला असतो. हवा शिरू दिली तर पेटणारं मिश्रण आणि पेटवणारी वस्तू दोन्ही एकाच टँकमध्ये एकत्र येतात.

तर करायचं असं. दाब १०० मिलिमीटरवर आला की अलार्म होतो. त्याच्याही खाली स्वतंत्र अलार्म असतो किंवा कार्गो पंप आपोआप थांबतात. त्याची वाट बघू नका. गॅस गेला, दाब उतरतोय एवढं दिसलं की कार्गो पंप थांबवा, क्रूड वॉशिंग थांबवा, डेक आयसोलेटिंग व्हॉल्व्ह (गॅसची डेककडची वाट बंद करणारा) बंद करा, त्याच्या आणि रेग्युलेटिंग व्हॉल्व्हच्या (गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणारा) मधला व्हेंट उघडा, टर्मिनलला कळवा. जवाहर द्वीप असो की रॉटरडॅम, जहाज आणि किनारा यांच्या सुरक्षा यादीत टँक इनर्ट आणि दाबाखाली आहेत असं लिहून दिलेलं असतं. ते खरं राहिलं नाही तर सांगणं तुमचं काम आहे. टँकचं कुठलंही तोंड उघडू नका, डिप (टँकमधली पातळी मापणं) घेऊ नका. आयजी पुन्हा नीट चालू होऊन टँक ८ च्या खाली आणि दाबाखाली असल्याची खात्री झाल्यावरच पंप लावा. जहाजावर दुरुस्त होत नसेल तर बाहेरून आयजीचा पुरवठा जोडून घ्यावा लागतो.

आतून कोटिंग असलेल्या प्रॉडक्ट टँकरवर नियम थोडा वेगळा आहे, कारण कोटिंगमुळे ते सल्फाइड सहसा तयार होत नाही. तिथे टर्मिनल आणि कॅप्टन दोघांची संमती असेल, व्हेंटवर फ्लेम स्क्रीन (ज्वाळा अडवणाऱ्या जाळ्या) असतील, टँकमध्ये पाणी किंवा स्लॉप (तेलकट सांडपाणी) वरून पडू दिलं जात नसेल, तर पुढे जाता येतं. गॅस थांबल्यापासून ३० मिनिटं टँकमध्ये काहीही सोडायचं नाही, आणि त्यानंतरही ५ तासांपर्यंत सोडायच्या वस्तूचा प्रत्येक धातूचा भाग टँकला जोडलेला हवा. इनर्ट गॅसचे बारीक कण स्वतःच विद्युतभारित असतात, तो भार उतरायला वेळ लागतो. तुमचं जहाज क्रूडचं आहे, हा परिच्छेद तुम्हाला लागू नाही.

क्रूड वॉशिंगबद्दलही एक सांगायचं राहिलं. वॉशिंगच्या आधी ऑक्सिजन एकाच जागी मोजून चालत नाही. डेकपासून १ मीटर खाली एक, आणि मोकळ्या जागेच्या मध्यावर एक. टँकमध्ये वॉश बल्कहेड (भोकं असलेली मधली भिंत) असेल तर दोन्ही बाजूंना तसंच. सगळीकडे ८ किंवा कमी, तरच मशीन सुरू.

दर्यावर्दी_७८

तांडेल यांनी लिहिलेल्या नियमांच्या मागचं कारण थोडं जोडतो. डिसेंबर १९६९ मध्ये, एकाच महिन्यात, मार्पेसा, माक्त्रा आणि कोंग होकॉन सातवा या तीन मोठ्या टँकरांच्या टँकमध्ये स्फोट झाले. मार्पेसा बुडालं. तिन्ही जहाजं रिकामी होती आणि तिघांवरही टँक धुण्याचं काम चालू होतं. मोठ्या क्षमतेच्या मशीनच्या पाण्याच्या झोताने प्रचंड टँकमध्ये भारित धुकं तयार होतं, आणि त्यातून पडणारे पाण्याचे मोठे गोळे भार वाहून नेतात, हे त्यानंतरच्या तपासातून पुढे आलं. ज्या टँकमध्ये ही ठिणगी पडते तिथे पेटणारं मिश्रणच असू नये, हा विचार तिथून पक्का झाला. सोलास या आंतरराष्ट्रीय जहाज-सुरक्षा कराराच्या १९७८ च्या प्रोटोकॉलने तो मोठ्या क्रूड टँकरांना लागू केला. १ जानेवारी २०१६ नंतर बांधलेल्या जहाजांसाठी नियम लागू होण्याची आकाराची मर्यादा २०,००० वरून ८,००० डेडवेट टनांवर (जहाज वाहू शकतं ते एकूण वजन) आली.

म्हणून इनर्ट नसलेल्या टँकमध्ये स्टीम सोडू नका. स्टीमचे थेंबही तसेच भारित असतात.

मीटरवाला

तिसरा प्रश्न. एक्सप्लोझिमीटरच्या आत एक छोटी तापलेली गोळी असते. वाफ तिच्यावर जळते, गोळी तापते, त्या तापण्यावरून काटा हलतो. जळायला ऑक्सिजन लागतो. तुमच्या टँकमध्ये ऑक्सिजन ५ टक्के, म्हणजे नीट जळणारच नाही, म्हणून शून्य किंवा फसवं कमी रीडिंग. वाफ प्रमाणाबाहेर दाट असेल तरी काटा क्षणभर उसळून परत शून्यावर येतो. तुमच्या टँकमध्ये या क्षणी १० टक्क्यांहून जास्त हायड्रोकार्बन असू शकतो आणि मीटर शून्य म्हणेल.

इनर्ट टँकसाठी व्हॉल्यूम टक्केवारी दाखवणारा मीटर लागतो, इन्फ्रारेड किंवा ऑक्सिजनवर अवलंबून नसलेल्या तत्त्वाचा. कुठला मीटर कुठल्या टँकसाठी, ते पट्टी चिकटवून पेटीवर लिहून ठेवा. पंपमनच्या हातात घाईत चुकीचा मीटर जाऊ नये.

टँक गॅस-फ्री करतानाही हेच सांभाळायचं. दाट वाफेच्या इनर्ट टँकमध्ये सरळ ताजी हवा ढकलली तर वाफ पातळ होता होता ऑक्सिजनही वाढतो आणि मिश्रण पेटणाऱ्या पट्ट्यातून जातं. म्हणून आधी इनर्ट गॅसनेच पर्ज करून हायड्रोकार्बन २ टक्क्यांच्या खाली आणायचा, मग हवा सोडायची. मग तो पट्टा मध्ये येतच नाही. त्यानंतर एक्सप्लोझिमीटर उपयोगाचा, कारण आता ऑक्सिजन आहे. माणूस उतरवायला ऑक्सिजन २१ टक्के, वाफ खालच्या ज्वलनमर्यादेच्या १ टक्क्याहून कमी, आणि हायड्रोजन सल्फाइड, बेंझीन, कार्बन मोनॉक्साइड आपापल्या मर्यादेत हवेत. कार्बन मोनॉक्साइड मोजायचा विसरू नका, तो बॉयलरच्या धुरासोबतच आत आलेला असतो. आणि इनर्ट टँकमध्ये तोंड घालून बघणंसुद्धा नाही. ५ टक्के ऑक्सिजनमध्ये दोन-चार श्वासांत शुद्ध जाते, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

पाणसील

डेक सील आणि पीव्ही ब्रेकर.

डेक वॉटर सीलचं काम एकच: टँकची वाफ उलट फिरून बॉयलरपर्यंत जाऊ नये. गॅस पुढे जात असताना पाण्यातून बुडबुडत जातो, किंवा सेमी-ड्राय प्रकारात पाणी बाजूच्या टाकीत ओढलेलं राहतं. प्रवाह थांबला की पाणी लगेच परत येऊन वाट अडवतं. त्याच्यापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो दुसरी भिंत.

रोज काचेत पातळी बघा, आणि काच खरी आहे का तेही. खालचा ड्रेन थोडा उघडून सोडा. पाणी खाली गेलं, परत चढलं, तर काच तुंबलेली नाही. ड्रेनमधून तेलाचा थर आला तर गंभीर समजा, कारण याचा अर्थ वाफ किंवा तेल सीलपर्यंत आलंय. पाण्याच्या दोन्ही पंपांनी आळीपाळीने पुरवठा करून बघा. कमी पातळीचा अलार्म बंदराआधी पाणी उतरवूनच तपासा, वायर काढून नव्हे. थंड प्रदेशात जाणार असाल तर हीटिंग कॉइलची स्टीम आधीच उघडा. सील गोठलं तर गॅस जात नाही, आणि बर्फ वितळताना पातळी किती उरली ते कळत नाही.

पीव्ही ब्रेकरमध्ये पाणी आणि ग्लायकॉल असतं. तो टँक वाचवतो. दाब टँकच्या टेस्ट प्रेशरच्या वर जाऊ नये आणि पोकळी ७०० मिलिमीटरपेक्षा वाढू नये, यासाठी. पातळी मेनमध्ये दाब असताना वाचलीत तर चुकते, कारण दाब द्रव एका बाजूला ढकलतो. एकतर दाब शून्य असताना वाचा, नाहीतर तक्त्यावरून दुरुस्ती करा. उन्हात पाणी उडून पातळी घटली तर ब्रेकर ठरल्यापेक्षा कमी दाबाला फुटतो, सगळा गॅस डेकवर जातो आणि टँक उघडे पडतात. ग्लायकॉलची घनता हायड्रोमीटरने महिन्यातून एकदा तरी बघा. नुसतं साधं पाणी ओतत राहिलं की थंडीत ब्रेकर गोठतो.

पीव्ही व्हॉल्व्ह हाताने उचलून बघा. मेणकट क्रूड आणि मीठ यांनी डिस्क सीटला चिकटते. अडकलेला व्हॉल्व्ह आणि चुकून बंद राहिलेला टँकचा आयजी ब्रँच व्हॉल्व्ह (मेनमधून टँकला जाणाऱ्या फाट्यावरचा) एकत्र आले तर डिस्चार्जमध्ये टँकचं पोलाद आत चेपतं. म्हणून डिस्चार्जच्या आधी प्रत्येक टँकचा ब्रँच व्हॉल्व्ह स्वतः जाऊन उघडा बघा, कुलूप लावा, किल्ली चीफ ऑफिसरकडे. आणि प्रत्येक टँकचा दाब वेगळा वाचत राहा. मेनचा ६०० म्हणजे ४ नंबर पोर्टचा ६०० असेलच असं नाही.

नवखा_थर्डमेट

खूप आभार. बॉयलरवाला, तुमचा हिशेब आमच्या चीफ इंजिनिअरना दाखवतो. एक शेवटचं: प्रवासात रात्री दाब १५० पर्यंत उतरतो. टॉपिंग-अपसाठी (उतरलेला दाब भरून काढायला) बॉयलर लावला की ऑक्सिजन परत ७ दाखवतो.

बॉयलरवाला

तेच कारण. मोटर जहाजावर वाटेत बॉयलर नावापुरता चालतो, धूर कमी, हवा जास्त. टॉपिंग-अपचा वेगळा जनरेटर असेल तर तोच वापरा. नसेल तर आधी बॉयलरचा लोड चढवून स्टीम डंप करा, गॅस व्हेंटमधून बाहेर सोडत राहा, अॅनालायझर ५ च्या खाली स्थिर झाला की मगच डेक आयसोलेटिंग व्हॉल्व्ह उघडा. दिवसा ऊन असताना दाब थोडा जास्त ठेवा, रात्री तापमान उतरलं तरी १०० च्या वर राहील. आणि एक रात्र थांबून बघा: सगळे टँक सारखे उतरतात की एकच? एकच उतरत असेल तर त्याचा पीव्ही व्हॉल्व्ह किंवा टँक क्लीनिंग हॅचचं गॅस्केट गळतंय. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.